घराबाहेर जाणारं दूध

"थांब वं माय, हलू नको," चांदणीच्या मांडीला कपाळ टेकून अनुसयाबाई म्हणाली. गाईला उभं राहणंही जड जात होतं. किरनापूरच्या डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले होते. सडातून हातातल्या बाटलीत धार नाही, थेंब पडत होते.

अंगणात बर्फाचा डबा घेऊन श्रुतिका बसली होती. नागपूरची संशोधक पोरगी. गावातल्या साऱ्या गाईंच्या कासा कधी ना कधी सुजल्या, दगडासारख्या झाल्या. चांदणीला तो रोग कधी शिवला नाही. म्हणून श्रुतिकेला हे दूध हवं होतं.

"दुधात का पाह्यतं वं पोरी? आमी तं आजवर सायच पाह्यली."

श्रुतिका हसली. "मावशी, दुधाबरोबर कासेतल्या जिवंत पेशी उतरतात. एकेक पेशी वेगळी करायची आणि तिच्यातली कोणती जनुकं जागी आहेत, ते बघायचं. चांदणीची कास निरोगी कशी राहिली ते कळेल."

"चांदणी गेल्यावरही कळन?"

"हो. पण पेशी जिवंत पोचायला हव्यात. आजचं दूध गेलं तर पुन्हा नाही."

अनुसयाबाईनं चांदणीच्या पाठीवरून हात फिरवला. लग्नात लांजीकडच्या माहेराहून बैलगाडीमागं बांधून मायनं एक कालवड पाठवली होती. कासरा हातात देताना माय रडली नव्हती, नुसती गाईला थोपटत राहिली होती. त्याच कालवडीचा वंश या गोठ्यात चालत आला. चांदणीला मात्र गोऱ्हेच झाले. माहेरचं जे होतं, ते आता त्या बाटलीत होतं.

श्रुतिका गाडीवाल्याला हाक मारायला फाटकाशी गेली. अनुसयाबाई बाटली घेऊन स्वयंपाकघरात शिरली. या भागात कच्चं दूध घराबाहेर जाताना त्यात मीठ टाकायचं, म्हणजे गाईला नजर लागत नाही. मायनं शिकवलेलं हे तिनं जन्मात चुकवलं नव्हतं. आज तर गाय आजारी. तिनं चिमूट जरा मोठीच घेतली, झाकण घट्ट लावलं, आणि बाटली पदरानं पुसून श्रुतिकेच्या हाती दिली.

"सांभाळून नेजो वं बाई."

दुसऱ्या दिवशी चांदणी गेली. दुपारी तिला ट्रॉलीतून नेलं. संध्याकाळी श्रुतिकेचा फोन आला.

"मावशी, दुधात काही घातलं होतं का?"

"नाई वं. कायीच नाई." मग आठवून, "मीठ तेवढं. काहून?"



"पेशी मेल्या, मावशी. सगळ्याच. मिठानं आकसतात त्या. मीच सांगायला हवं होतं."

"हौ," अनुसयाबाई म्हणाली. तिनं फोन ठेवला.

सून रीना चहा घेऊन आली. "आई, पी लो. कालपासून काही खाल्लं नाही. दूध शेजारच्या दुलीचंदकाकांच्या घरून आलं."

अनुसयाबाईनं घोट घेतला. साखरेमागून किंचित खारट लागलं. तिनं रिकाम्या खुंट्याकडं पाहिलं.

"जगू दे बाप्पा त्यायची गाय," ती म्हणाली, आणि कप खाली न ठेवता सगळा चहा प्यायली.