कलमाखालची फांदी

दगडी परातीत आम्ही दोघी जर्दाळूच्या कोयीतला मगज मळत होतो, मी आणि कुनझेस आचे, माझी भावजय. कोमट पाण्याचा शिपका, तळहाताचा दाब, पुन्हा शिपका. आचे गुणगुणत होती:

ये तेला ये, कोयीचं दार उघड,
हिवाळा उंबऱ्यात उभा, त्याच्या ओठांना भेगा.

तेल सुटलं की मळणारीने बोट बुडवून चाखायचं; गोड निघालं की पेंडीचा पहिला गोळा साखर लावून घरातल्या लहानाला द्यायचा, ही आमच्याकडची रीत. मी चाखलं. गोड होतं. गोळा आचेच्या यांगडोलला दिला. पाच वर्षांची पोर, उड्या मारत अंगणाबाहेर गेली.

परतली ती भिंत धरधरून.

"आने, सगळं फिरतंय," मला, तिच्या आत्याला, म्हणाली आणि ओकली.

"दिवसभर वाऱ्यात हुंदडते ना," आचे म्हणाली. "चल, लोणी घातलेला चहा पी अन् झोप."

पण पोरीचा श्वास पळत होता. मी परातीतली बिनसाखरेची पेंड चिमूटभर जिभेवर ठेवली. कडूजहर!

"आचे, पेंड कडू आहे."

"वेडी का तू? तेल तूच चाखलंस ना?"

"तेल गोडच आहे गं. कडूपणा पेंडीत राहिलाय."

"आपल्या झाडाला? तुझ्या बापाने बांधलेलं कलम ते. गावभर त्याच्या कोया मागून नेतात. बापाच्या हाताला नावं ठेवतेस?"

मी झाडाकडे धावले. बुंध्यावर कलमाची गाठ, म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखी. तिच्या खालून, मूळच्या रानटी खुंटातून, एक फांदी फुटून वर गेलेली. यंदा पहिल्यांदाच फळली होती. तिचेही जर्दाळू तसेच केशरी, तसेच गुबगुबीत. आम्ही सगळे एकाच छपरावर वाळवले होते. फांदीखाली पडलेली एक कोय दगडाने फोडली, मगज चावला, थुंकला.

"आचे, खालची फांदी कडू आहे! कडू मगज विष असतो, निजवू नकोस तिला!"

आचेने माझ्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या पोरीकडे. यांगडोलची मान कलंडत होती. तेलाच्या हातांनीच आचेने तिला उचललं आणि शेजारच्या लुंडुपच्या दारावर लाथ घातली.

"गाडी काढ!"

नदीकाठचा रस्ता संपता संपेना. आचे पोरीच्या गालांवर चापट्या मारत होती. "डोळे उघड. सांग, तुझी शेळी कोणाचं शेत खाते? सांग ना गं!"

"लुंडुप... मामाचं," पोर पुटपुटली.

"काय?" लुंडुप पुढून ओरडला. "म्हणजे तीच होय चोरटी! थांब, तुझ्या शेळीचे कानच पिळतो!" असं म्हणत त्याने गाडी आणखी दामटली.

पुढच्या वळणावर ती काहीच बोलली नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खाल्लं?"

मी तोंड उघडण्याआधी आचे म्हणाली, "मुठीएवढा गोळा. कडू मगजाचा. आमच्याच झाडाचा."

बाईंनी नर्सला हाक मारली. प्राणवायूचा मुखवटा चढला, हातात सुई गेली, औषध थेंबाथेंबाने उतरू लागलं. आम्ही त्या इवल्या छातीकडे बघत राहिलो. वर, खाली. वर, खाली. हळूहळू तिची धाप मंदावली.

मग एक हात हलला. मुखवटा बाजूला ओढून यांगडोल चिडून म्हणाली, "टोचतंय! घरी चल!"

"ओरड," आचे तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाली. "अजून मोठ्याने ओरड."