भिंतीपर्यंत न पोचणारा फ्लॅश

"मावशी, हा घ्या. अख्खी खोली उजळून काढेल," कॅमेरावाला म्हणाला आणि त्यानं विटेएवढा फ्लॅश काचेवर ठेवला.

"खोली उजळायची असती तर ट्यूबलाइट घेतली असती," मी म्हणाले. "लहानात लहान दाखवा."

तोंड माझं असंच आहे. पंचवीस वर्षं लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देतेय, पण गोड बोलायला काही शिकले नाही.

माझ्या लेकीचा, ठकीचा, छोटा रीळवाला कॅमेरा मी सोबत नेला होता. त्याला स्वतःचा फ्लॅश नाही, वर बसवायला खाच तेवढी आहे. ठकी दोन वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे नोकरीला गेली. आता तिथले लोक तिला आणखी तीन वर्षं ठेवून घ्यायला तयार आहेत. फोनवर म्हणाली, "आधी तुझा फोटो पाठव. घरातला, मशीनवर बसतेस तिथला. बाहेरचा नको, बाहेर तू लोकांसाठी हसतेस. तो बघते आणि मग ठरवते."

पंचाईत अशी, की मी तिला केव्हाच ठोकून दिलंय, तुझी खाट काढली, तिथं कापायचं टेबल टाकलं, माझं मजेत चाललंय. खाट आहे तिथंच आहे, मशीनच्या मागे. दर रविवारी चादर बदलते. उशाशी तिचा स्वेटर आहे, तो मात्र मी अजून धुतलेला नाही. हे तिनं पाहिलं तर सगळं सोडून परत येईल, आणि अशी नोकरी काही पुन्हा चालून यायची नाही.

त्यानं आणखी दोन काढले. "हा मधला चार मीटर जातो. हा धाकटा जेमतेम दीड. याच्यात मागचं सगळं काळोखात जाईल. कुणी घेत नाही तो."

मी घरून टेपनं मोजूनच आले होते. कॅमेऱ्यापासून माझ्या नाकापर्यंत सव्वा मीटर, खाटेपर्यंत साडेतीन.

"हाच द्या."

त्याला राहवेना. "मावशी, मागचं काही दिसू द्यायचं नसेल तर ते सरळ हलवा ना."

"लेकीची खाट आहे. हलवता येते हो. मला हलवायची नाही."

सेल घालून त्यानं फ्लॅश खाचेत सरकवला, माझ्या तळव्यावर एकदा चमकवून पाहिला. "पडदे ओढून घ्या," एवढंच म्हणाला.

फोटो शेजारणीनं काढला. ती पुढेमागे होऊ नये म्हणून मी फरशीवर खडूनं रेघ मारून दिली होती. हस म्हणाली, हसले.

फोटो धुऊन आला. चेहरा लख्ख, मशीनचं चाक लख्ख, मागे नुसता काळोख. मला हवा होता अगदी तसा. तरी वाटलं, फाडून टाकावा आणि तो मधला फ्लॅश घेऊन यावा. किती आठवण येते गं तुझी, हे एकदा दिसू दे तिला. पण पाकीट चिकटवलं आणि टपालात टाकून आले.

अठरा दिवसांनी फोन आला. "आई, काय गोड दिसतेस. माझा जीव भांड्यात पडला बघ. आजच सही केली, तीन वर्षांची."

"शहाणी गं माझी," मी म्हणाले.

लहान होती तेव्हापासून ठकी माझी थाप नुसत्या आवाजावरून ओळखते. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. आता म्हणेल, आई, खोटं बोलतेस तू. आत्ता नाही, तर जरा वेळानं म्हणेल. ती नव्या खोलीच्या खिडकीचं सांगत होती, सकाळी ऊन किती आत येतं ते. मी हं हं करत राहिले.

ठेवता ठेवता मीच विचारलं, "फोटो नीट बघितलास ना?"

"बघितला की," ती म्हणाली. "तू खूश आहेस. मला तेवढंच बघायचं होतं."