साडेसहा डबे

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात लक्ष्मीची यात्रा अकरा वर्षांनी भरली. अंबुबाईच्या घरी दुपारपर्यंत एकशे चाळीस पाहुणे जेवून गेले. त्यातले बोलावलेले नव्वद. मी सोसायटीत तीस वर्षं कारकुनी केली, मोजायची खोड जात नाही.

तिचा लेक परशराम एका मोठ्या शहरात जमिनीखाली मेट्रोचा बोगदा खोदतो. शहराचं नाव लिहीत नाही. तिथं आमची पुष्कळ माणसं भाड्यानं राहतात, उगाच झोप उडायची. यात्रा कमिटीनं त्याचा सत्कार ठरवला आणि मानपत्र माझ्या गळ्यात पडलं. ‘शहराच्या पोटातून वाट काढली, पण वर कुणाच्या भिंतीला तडा जाऊ दिला नाही’ हे वाक्य मला फारच जमलं होतं. चारला सत्कार, म्हणून तीन वाजता माळ्यावर जाऊन त्याला वाचून दाखवलं.

“अण्णा, तेवढं वाक्य काढा.”

“का रं? इतका लाजाळू कधीपासनं झालास?”

तो हसला नाही. “मऊ मातीत मशीन एक रिंग पुढं गेलं की रुळावरच्या गाडीचे पाच डबे माती निघते. रिंग म्हंजे बोगद्याला आतनं बसवायचं काँक्रीटचं कडं. पाचाच्या वर माती आली तर ती वरनं ढासळली म्हणायची. वर पोकळी झाली. मग मशीन थांबवायचं, कळवायचं, पोकळी भरून घ्यायची.”

“मग?”

“मंगळवारी साडेसहा आले.”

“लिहिलेस किती?”

“पाच. मी न्हाय, सौम्यानं. मी लिही म्हणालो.”

सौम्या निपाणीची, त्याच्या हाताखालची इंजिनिअर. दीड डबा जास्त आहे, असं तिनं दोनदा सांगितलं होतं. पण मशीन थांबलं असतं तर चौकशीत तीन दिवस गेले असते, रजा बुडाली असती. आमच्याकडं भावाच्या लग्नाला न आलेल्याला माफी असते, यात्रेला न आलेल्याला नाही. पाच लिहायला लावून परशराम गावाला निघाला. बुधवारी सकाळी तिथं वरच्या गल्लीत एका स्वयंपाकघराची जमीन खचली. चहा ठेवत असलेली बाई खाली गेली, तिचा पाय मोडला.

त्यानं मोबाइलवर सौम्याचा मेसेज दाखवला. ‘सर, आज पाचपर्यंत खुलासा द्यायचा आहे. सही माझी आहे. काय लिहू?’

“नोकरी जाईल तिची,” तो म्हणाला. “अजून माझं नाव घेतलं न्हाय तिनं.”

शहाणपण सुचायची वेळ हीच होती. मी म्हणालो, “सत्कार होऊ दे. आईचं तोंड बघ. पाचाला अजून दोन तास हाईत.”

सत्कार झाला. चेअरमन भरमूनं फेटा बांधला, शाल घातली. ते वाक्य मी काढलं नव्हतं. तिथं आवाज चढवलाही. टाळ्या पडल्या. परशराम मान वर करेना. लोक म्हणाले, पोरगं किती नम्र.

पावणेपाचला तो फेट्यासकट मांडवामागं गेला, जिथं मटणाची पातेली चढली होती. मी मागोमाग गेलो. खरं सांगायचं तर अडवायला. तोवर त्यानं साहेबांना फोन लावला होता. सही सौम्याची असली तरी आकडा आपला, हे त्यानं धड हिंदीत सांगितलं. कारण विचारल्यावर मात्र अडखळला. “हमारे गांव की जत्रा थी, साहब,” एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

पातेल्याआड अंबुबाई पळी धरून उभी होती.

“कसला आकडा रं?”

त्यानं सगळं सांगितलं. ती माझ्याकडं वळली.

“तुमास्नी ठावं होतं?”

“व्हय.”

“आनि तरी ते वाक्य वाचलासा?”



“नाव काय त्या बाईचं?” तिनं लेकाला विचारलं.

“ठाऊक न्हाय.”

“पाय मोडलाय, मग तिच्या घरात रांधतंय कोन?”

तेही त्याला ठाऊक नव्हतं. डबे किती हे मी विचारलं होतं, लिहिले किती हेही. बाईचं नाव मलाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

परशरामनं सौम्याला फोन लावला. पलीकडून ती “सर? बोला सर,” म्हणाली, तसं “आकडा माझा म्हणून लिही, आणि त्या बाईचं नाव सांग,” तो म्हणाला.