थॉर्नबेकला न थांबणारी गाडी

मित्रांनो, कोणत्या स्टेशनात थांबायचे हे गाडी स्वतः ठरवत नाही, एवढे तुम्हाला ठाऊक असेल. ड्रायव्हरही ठरवत नाही. मग कोण ठरवते? हे समजायला मला चौतीस वर्षे लागली. समजल्यावर माझे डोके जे फिरले, ते अजून पुरते ठिकाणावर आलेले नाही.

मी दोन डब्यांची डिझेलगाडी. माझा जन्म इंग्लंडमधल्या डर्बीच्या कारखान्यात झाला. केल्डरिजला मी पहिल्यांदा आले, तेव्हा महापौरांनी माझ्या नाकावर फीत बांधली होती आणि लोक माझ्या निळ्या आसनांवरून हात फिरवून पाहत होते. आता माझे हीटर एकाच बाजूला चालते आणि संडासाचे दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही. त्याची तक्रार मी करत नाही. वय झाले की असे होणारच. माझी तक्रार वेगळी आहे.

संध्याकाळी पावणेआठला मी केल्डरिजला शेवटचे उतारू सोडते. मग आठ दहाला रिकामी निघून डेपोत जाते. वाटेत आठ एकतीसला थॉर्नबेक लागते. तिथे फलाट आहे, दिवे आहेत, माणसे आहेत. पण मी थांबायची नाही. आमच्याकडे रूळ एका कंपनीचे आणि गाड्या दुसरीच्या असतात. कोणती गाडी कधी धावेल आणि कुठे थांबेल, हे त्या दोघींच्या करारात लिहिलेले असते. त्यात बदल करायचा, तर दोघींच्या सह्या पुरत नाहीत. नियामक कार्यालयाची मंजुरी लागते. नियम वाईट नाही. तो नसता, तर मोठ्या कंपन्यांनी लहानांना रुळावर पाय ठेवू दिला नसता. पण करारात मी 'रिकामी गाडी' होते, आणि तिथून सगळे सुरू झाले.

थॉर्नबेकला हिल्डा बर्कबेक नावाच्या शहात्तर वर्षांच्या बाई राहतात. त्यांच्या नवऱ्याला, रॉनला, अर्धांगाचा झटका आला आणि त्याला केल्डरिजच्या रुग्णालयात ठेवले. उजवा हात गेला, जीभ जड झाली, पण तो बोलत होता. अडचण एकच होती. परक्याच्या हातून तो घासही घेत नसे. दुपारी बाई स्वतः भरवायच्या, पण रात्रीचे जेवण सहाला यायचे आणि थॉर्नबेककडे जाणारी शेवटची गाडी पाच पंचावन्नला सुटायची. बस तर कधीच बंद झालेली.

एका सकाळी माझ्या डब्यात बसल्या बसल्या त्यांनी गार्डला धरले. गार्डचे नाव डरमट क्विन, वय बावन्न.

"पोरा, साडेआठला तुझी ही गाडी माझ्या खिडकीखालून जाते. दिवे चालू, आत कुत्रं नाही. दवाखान्याच्या गावाहून येते, माझ्या गावातून जाते आणि मला घेत नाही. मी कुणाचं घोडं मारलंय?"

"तुमचा काही दोष नाही, मिसेस बर्कबेक. ती कागदावर रिकामी आहे, म्हणून रिकामी."

"मग कागद बदला."

डरमट हसला. पण त्याच दुपारी तो वेळापत्रक करणाऱ्या नाझिया कुरेशीकडे गेला. नाझिया कामाची पोरगी. आठवड्यात तिने अर्ज तयार केला: रिकामी गाडी उतारूंची करावी आणि थॉर्नबेकला चाळीस सेकंद थांबवावी. रूळवाली कंपनीही हो म्हणाली. तो ऑक्टोबर महिना होता. मला वाटले, नाताळपर्यंत मी थांबू लागेन. कशाचे काय!

आधी अर्ज त्या मार्गावरच्या सगळ्या कंपन्यांना पाठवून महिनाभर वाट पाहायची. शेवटच्या दिवशी एका खाणकंपनीची हरकत आली. माझ्या मागे त्यांची दगडांची मालगाडी असते, मी थांबले तर ती दोन मिनिटे खोळंबेल.

मित्रांनो, त्या मार्गावर रोज संध्याकाळी मी पुढे असते. माझ्या मागे कोण असते, हे मला विचारा ना. कोणीही नसते. तीन वर्षांत तिथे दगडाची एक गाडी आलेली नाही. पण गाडीला कोण विचारतो?

डरमटने सांगून पाहिले. "नाझिया, ती मालगाडी मी पाहिलेलीच नाही."

"पाहिली नाही, हे अर्जात कसं लिहू? करारात ती आहे, म्हणजे आहे."

"आणि आपली गाडी करारात रिकामी आहे, म्हणून हिल्डाबाई नाहीत?"

"माझ्यावर कशाला चिडतोस? मी काय मजा मारतेय इथे?"

पत्रे जात राहिली, येत राहिली. फेब्रुवारीत कळले की अर्जातला तक्ता जुन्या नमुन्याचा आहे. पुन्हा भरा. भरला, तोवर मे महिन्याच्या वेळापत्रकाची मुदत टळली. वेळापत्रक वर्षातून दोनदाच बदलते. म्हणजे थेट डिसेंबर. त्या दिवशी नाझियाने जेवणाचा डबा न उघडताच परत नेला. हिल्डाबाई मात्र रोज पाच पंचावन्नची गाडी धरत राहिल्या. जेवणाचे ताट येण्याआधी नवऱ्याच्या पांघरुणाची घडी नीट करून निघायच्या. आणि मी रोज आठ एकतीसला त्यांच्या खिडकीखालून जायचे, सगळे दिवे लावून. लाज वाटायची हो.

अखेर अर्ज नियामक कार्यालयातल्या ट्रेमेन नावाच्या साहेबांपुढे गेला. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: ही मालगाडी शेवटची कधी धावली? नाझियाने सिग्नलच्या नोंदी काढल्या. तीन वर्षे दोन महिने, एकदाही नाही. खाणकंपनीने उत्तर दिले की दगड उद्या निघू शकतात. साहेबांनी लिहिले, निघाल्यावर पाहू, आणि मंजुरी दिली. हा प्रश्न पहिल्या महिन्यात कोणी विचारला असता, तर माझे काय बिघडले असते? कोणाचेच काय बिघडले असते?

डिसेंबरातल्या एका सोमवारी मी प्रथमच आठ दहाला उतारू घेऊन निघाले. सात जण होते. हिल्डाबाई हीटर चालणाऱ्या बाजूला बसल्या. त्यांच्या बाहीला कुस्करलेला बटाटा लागला होता.

डरमट समोर येऊन बसला. "जेवला?"

"अर्धं ताट. मटार बाजूला सारले. ते त्याला कधीच आवडले नाहीत, त्यात आजाराचा काय दोष."

"काही बोलला?"

"आता नाही बोलत तो. ऑगस्टपासून." त्यांनी बाही पुसायला घेतली. "पण माझ्याकडे बघत होता. ताट आलं तरी ही अजून उठली कशी नाही, असं."

डरमटने आपला रुमाल पुढे केला. आठ एकतीसला मी थॉर्नबेकला थांबले. हिल्डाबाई एक पाय टेकवून, मग दुसरा, अशा सावकाश उतरल्या. चाळीस सेकंद पुरेसे झाले.

मित्रांनो, चौदा महिने लागले याला. त्यांतले दहा महिने रॉन बोलत होता. त्या जेवणांच्या वेळी तो बायकोला काय बोलला असता, ते आता कोणत्याच कार्यालयातून मंजूर होऊन येणार नाही. तुमच्यातले काही जण मोठे होऊन अर्ज तपासायच्या खुर्चीवर बसतील. नियम जरूर पाळा. हरकतीही ऐका. पण अर्ज टेबलावर पडून असतो, तेव्हा त्यातली माणसे तशीच पडून नसतात. म्हणून तो लवकर वाचा. नाही म्हणायचे असले, तरी लवकर म्हणा.