झाकली मूठ

________ एस.टी.डी. – आय.एस.डी. – पी.सी.ओ.
सुभाष रोड, बीड

पाटी एवढीच रंगली होती. पिवळ्यावर काळी अक्षरं. पहिली जागा रिकामी, कारण नाव ठरलेलं नव्हतं. नाव ठरेना म्हणून पेंटर ब्रश धुऊन निघून गेला होता. ती रिकामी जागा शिवकन्येच्या डोळ्यात महिनाभर कुसळासारखी सलत होती.

घरात सुना दोन. थोरली शिवकन्या, नांदूरघाटची, या घरात अकरा वर्षं. धाकटी वर्षाराणी, किल्लारीच्या बाजूची, बी.कॉम., आल्याला दोन वर्षं. सासऱ्यांनी, म्हणजे पंचाक्षरी अण्णांनी, किराणा दुकानाशेजारची खोली फोनसाठी मोकळी केली होती. बूथ सुनेच्या नावानं काढायचा हे ठरलं. कोणत्या सुनेच्या, हे राहिलं.

"रविवारी ती दौड हाय न्हवं का," अडकित्त्यात सुपारी धरून अण्णा हसत म्हणाले, "तिच्यात जी पुढं येईल तिचं नाव टाकू. म्हंजे माझ्या जिवाला घोर न्हाई."

अण्णा गंमत करत होते. पण एका पाटीवर दोन नावं मावत नाहीत अशा घरात गंमत गमतीसारखी कोण ऐकतं?

दौड भूकंपाच्या मदतीची. मोंढ्यातल्या आडत्यांनी समिती काढली होती. बायकांनी मोंढ्यातून निघायचं, बिंदुसरेच्या पात्रातून पेठेत शिरायचं आणि कंकालेश्वराच्या देवळाशी पोचायचं. वाटेत अडथळे तीन. एका बाईनं एक अडथळा ओलांडला की एका आडत्यानं ज्वारीचं एक पोतं भूकंपाच्या गावांना धाडायचं. अडली, तर पोतं दुकानातच.

*

शिवकन्येला धाकटीचा हेवा वाटायचा. कशाकशाचा?

तिच्या पंजाबी ड्रेसचा. फोन उचलून "हॅलो" म्हणताना शेवटचा 'लो' जो ती हलकेच सोडायची, त्याचा. नवरा अमरनाथ तिला "अहो" म्हणायचा, त्याचा. शिवकन्येचा सोमेश्वर तिला "अगं ए" म्हणायचा.

आणि भूकंपाचा.

हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. गणपती बुडवल्याच्या पहाटे जमीन हलली आणि वर्षाराणीच्या चुलत्याचं घर बसलं. चुलते गेले, चुलती दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. सगळं घर वर्षाराणीभोवती गोळा झालं. सासूबाई शांतादेवी तिला हातानं घास भरवत होत्या. शिवकन्याही रडली, खरंखुरं रडली. पण आठवड्यानं नांदूरघाटहून वडलांचं कार्ड आलं, की आपल्याही माजघराच्या भिंतीला भेग पडली. तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"भेगच न्हवं?" सासूबाई म्हणाल्या. "लिंपून घ्या म्हनावं."

त्या भेगेची तिला लाज वाटली. आणखी थोडी मोठी पडायला काय झालं होतं? असं मनात आलं आणि तिनं स्वतःच्याच गालावर चापट मारून घेतली. पण आलं ते आलं.

अडथळा पहिला: पोतं

पोत्यात पाय घालून पन्नास उड्या. "चला भगिनींनो, एक उडी, एक भाकर!" भोंग्यावरचा माणूस ओरडत होता. तीसेक बाया, कुणी काष्टा मारलेल्या, कुणी पदर खोचलेल्या, धापकन पडत होत्या आणि हसत होत्या.

शिवकन्या हसली नाही. अकरा वर्षं दुकानातली पोती तिनं सरकवली होती. तिचा आणि पोत्याचा जुना घरोबा. ती सगळ्यांच्या आधी बाहेर पडली.

"अक्का, लई भारी!" मागून वर्षाराणी ओरडली.

हिला कुणी विचारलं? शिवकन्या पळाली. नदीच्या उतारापर्यंत ती पहिली होती. उतारावर साडी पायात आली, आणि बाजूनं पिवळा पंजाबी ड्रेस सर्रकन पुढं गेला.

अडथळा दुसरा: जाळी

पात्र कोरडं. वाळूवर काथ्याची जाळी ताणलेली, हातभर उंच. खालून सरपटत जायचं.

वर्षाराणी पुढं. तिच्या टाचा शिवकन्येच्या नाकासमोर. वाळू तोंडात, काथ्या केसांत. शिवकन्येनं छाती घासत हात पुढं टाकला, आणि तळव्याखाली काहीतरी गार, गोल, गुळगुळीत लागलं.

चांदीची डबी. तुटका दोरा.

लिंग.

लिंगायताच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतं, शिवदाऱ्याला बांधलेलं. ते अंगावरून सुटलं तर परत गळ्यात येईपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. सासूबाईंनी दोघी सुनांना एकाच सोनाराकडून डब्या करून घेतल्या होत्या, एका साच्याच्या. भेदभाव नको म्हणून.

पिवळा ड्रेस जाळीबाहेर निघाला होता. हाक मारायची होती. "वर्षा, थांब गं, तुझं लिंग पडलंय." एवढंच.

हाक गळ्यापर्यंत आली

आणि तिथंच बसली.

पळू दे. पळू दे तिला. पुढं पाण्याचा माठ आहे. तिथं तोंड लावू दे. मग कंकालेश्वराच्या दारात, सगळ्यांच्या पुढं, ही मूठ उघडायची. अण्णा, ही बघा तुमची शिकलेली सून. लिंग वाळूत पडलं आणि हिला पत्ता न्हाई. हिचं नाव घाला पाटीवर.

हेव्याला डोळा एकच असतो, आणि तो सदा समोर बघतो. स्वतःच्या गळ्याला हात लावून बघायचं तिला सुचलंच नाही.

डबी ठेवायची कुठं? कमरेला खोचता येईना, लिंग नाभीच्या खाली न्यायचं नसतं. चोळीत घालता येईना, दुसरीचं लिंग आपल्या छातीशी कसं ठेवायचं? राहिली मूठ. उजवी. तिनं ती आवळली.

पाणी (हा अडथळा नव्हे)

घाटावर कडूबाई माठ घेऊन उभी होती. नेकनूरकडची, मेंढरं राखणारी, दर आठवड्याला यांच्या घरी तूप घालणारी. "ज्वारी देयाची ऐपत न्हाई, पानी तरी पाजते," म्हणून आलेली.

वर्षाराणीनं पेला घेतला. शिवकन्या चार पावलांवर थबकली. बघत राहिली.

घोट. दुसरा घोट.

प्याली! लिंगाशिवाय प्याली!

शिवकन्येच्या पोटात इतकं गार वाटलं की तिलाही तहान लागली. तिनं डाव्या हातानं पेला घेतला. मग दुसरा.

"डाव्या हातानं कावून पिता, बाई?" कडूबाईनं विचारलं. "उजवा मुरगळला का काय?"

"न्हाई, न्हाई. असंच."

अडथळा तिसरा: गाडी

पेठेच्या तोंडाशी बैलगाडी आडवी लावलेली, कडब्यानं भरलेली. चढायचं, पलीकडं उतरायचं.

वर्षाराणी पहिली वर पोचली. वळून बघते तर थोरली जाऊ चाकावर एक पाय ठेवून, एका हातानं लोंबकळत होती.

"अक्का, हात द्या."

शिवकन्येनं डावा दिला.

"दुसरा द्या की! एका हातानं कसं वढू?"

"नको. माझं मी येते. जा तू."

"आवं, जाते कुठं? तुमी अडलात तर पोतं जाईल. कुनाच्या तरी आठ दिसाच्या भाकरी हायत त्या."

मागून दोघी आल्या, चढल्या, उतरल्या, पळाल्या. वर्षाराणी हलली नाही. शिवकन्येनं कोपर रोवलं, गुडघा खरचटला, साडी गाडीच्या साटीच्या खुंटीत अडकून टर्रकन फाटली. शेवटी वर्षाराणीनं तिला काखेत धरून पोत्यासारखं वर ओढलं. कडब्यात दोघी शेजारी शेजारी पडल्या.

"मुठीत काय हाय एवढं?"

"तुला काय करायचंय?"

वर्षाराणी हसली आणि उडी मारून पळाली. पहिली होती, तिसरी आली. शिवकन्या लंगडत आली, तेव्हा मागं कुणी नव्हतं.

कंकालेश्वर

देवळाच्या दारात अण्णा, सासूबाई, आडते, भोंगा. लिंबाच्या सरबताची बादली. कडूबाईही रिकामा माठ कमरेवर घेऊन मागं येऊन उभी राहिली.

"या थोरल्या बाई," अण्णा म्हणाले. "तुमचं नाव शेवटून पयलं."

लोक हसले. हसा. शिवकन्येनं उजवा हात पुढं केला. आता उघडायची.

तेवढ्यात शांतादेवींनी वर्षाराणीच्या हातात सरबत दिलं. वर्षाराणीनं ओढणीच्या आत हात घातला, चांदीची डबी बाहेर काढली, डोळ्यांना लावली, आणि मग सरबत प्याली.

डबी. तिच्या गळ्यात. दोऱ्यासकट.

शिवकन्येचा डावा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडं गेला. पदराखाली, चोळीच्या काठाशी, मानेमागं.

काही नव्हतं.

बोटं सैल झाली. मूठ तिनं उघडली नाही, ती उघडली. तळव्यावर डबीच्या काठाचा लाल गोल उमटला होता.

"अगं बया!" सासूबाई पुढं आल्या. "शिवदारा तुटला?"

शिवकन्येनं तोंड उघडलं. पण तिच्या वतीनं बोलणारी होती.

"म्हनून!" वर्षाराणी ओरडली. "म्हनून हात देत न्हवत्या! आत्याबाई, गाडीवर मी हात मागते, मागते, आन अक्का मूठ सोडंनात. गुडघा फुटला, साडी फाटली, पन लिंग सोडलं न्हाई. मी असते तर केव्हाच घाबरून बसले असते."

भोंग्यावरच्या माणसाला एवढं पुरलं. "भगिनींनो, ही निष्ठा बघा!" सगळ्या पेठेला त्यानं ती ऐकवली. टाळ्या झाल्या. शांतादेवींनी आपल्या पदराचा काठ फाडला, त्याचा दोरा वळला आणि डबी थोरलीच्या गळ्यात बांधली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी सरबताचा पेला तिच्या ओठांना लावला. हातानं. घास भरवावा तसा.

"सकाळपासून वाळलेली असंल पोर," त्या म्हणाल्या. "आदी घे."

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हंतात," अण्णांनी उपरण्यानं नाक पुसलं, "ती ही. पेंटरला निरोप धाडा. नावाचं आता काय विचारायचं?"

बोल. आता तरी बोल, असं शिवकन्येच्या आत कुणीतरी म्हणत होतं. तिनं मान वर केली. समोर कडूबाई उभी होती, माठ या कमरेवरून त्या कमरेवर घेत.

"पानी गोड लागलं का, बाई?" कडूबाईनं हळूच विचारलं.

शिवकन्येनं मान खाली घातली आणि सरबत संपवलं.

*

शिवकन्या एस.टी.डी. – आय.एस.डी. – पी.सी.ओ.
सुभाष रोड, बीड

पाटी सोमवारी लागली. रस्त्यापलीकडून ती वाचायला शिवकन्या दिवसातून दोनदा दळणाच्या निमित्तानं बाहेर पडते. नाव ठळक आहे, लांबून दिसतं. भिंतीत खिळा ठोकताना टवका उडून एक भेग पडली, ती पाटीखाली झाकली गेली.

फोनवर मात्र वर्षाराणी बसते. शिवकन्येनं दोन दिवस बसून बघितलं, पण रिसीव्हर कानाला लावला की तिची जीभ अडखळते, समोरचा माणूस "हॅलो, हॅलो, कोन बोलतंय?" असं ओरडतो, आणि तिला आपलं नाव सांगता येत नाही.

दुकानात ती गूळ फोडत असते. मधल्या पातळ भिंतीतून घंटी ऐकू येते. मग तो आवाज येतो, स्वच्छ, न थांबणारा, शेवटचं अक्षर हलकेच सोडून देणारा:

"हॅलो, शिवकन्या एस.टी.डी."

दिवसातून चाळीस वेळा. प्रत्येक वेळी शिवकन्येचा हात गळ्यातल्या डबीवर जातो. आपलं नाव इतकं देखणं आहे, हे तिला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

आणि शोभायचं तर ते शोभतं त्या बयेच्याच तोंडात.