लाईट गेल्यावर

"मंगलमावशी, लाईट गेली होती तर मशीन हलली कशी?"

प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि रुखसारला तो परत गिळून टाकावासा वाटला. एरवी प्रश्न विचारायला ती कधी कचरली नव्हती. अकरावीच्या वर्गात सरांचं वाक्य मध्येच तोडून विचारणारी पोरगी ती. पण हा प्रश्न तिचा नव्हताच. मैत्रिणींनी पैज लावून तो तिच्या गळ्यात मारला होता. डबा खाता खाता राजेश्वरी म्हणाली होती, एवढी मशीन जिवंत केलीस ना, मग जा आणि त्या बाईला तोंडावर विचारून ये, आहे का हिंमत? हिंमत नाही असं म्हणणं रुखसारच्या स्वभावातच नव्हतं. म्हणून रविवारी घोरावाडीहून लोकलनं कान्ह्याला, तिथून जीपनं टाकव्याला आणि पुढं कापलेल्या भाताच्या खाचरांमधून पायी अशी ती या वाडीवर येऊन पोचली होती.

मंगल ओट्यावर बसली होती. उजवा हात गळ्यात अडकवलेल्या फडक्यात. बोटं असायला हवीत तिथं नुसतं पांढरं गाठोडं, आणि त्यातून एकटा अंगठा बाहेर डोकावत होता. तिची सासू पुतळाबाई आत चुलीपाशी होती. तिनं पाहुणीकडे एकदा बघितलं आणि चहाचं आधण ठेवलं.

आता हे मशीनचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. रुखसारचे अब्बा नसीरभाई यांची घोरावाडी स्टेशनमागं शेड आहे. लोखंडाचे छोटे सुटे भाग तिथं तयार होतात. एका बंद पडलेल्या कारखान्यातून अब्बांनी जुनी सीएनसी मिलिंग मशीन, म्हणजे आकडे भरले की आपोआप लोखंड कोरणारी, उचलून आणली. अंग हत्तीचं, पण कंट्रोल, म्हणजे तिचा मेंदू, कधीच मेलेला. त्याचे भाग आता कुठं मिळत नाहीत. मग जुन्या मशीन दुरुस्त करणारा चिंचवडचा पवन आला. त्यानं जुना कंट्रोल उपटून काढला, नव्या मोटारी बसवल्या आणि सगळा कारभार एका साध्या कॉम्प्युटरच्या हाती दिला. दिवाळीची अख्खी सुट्टी रुखसार त्याच्यामागं वायरी धरून उभी. आधी नुसतं धरणं, मग वायरींना नंबर लावणं, मग स्वतः जोडणं. शेवटी शेवटी तर पवन विचारायचा आणि ती सांगायची, कुठली वायर कुठं गेली ते.

काम संपायच्या दिवशी ऐन चाचणीत लाईट गेली. कॉम्प्युटर बंद पडला आणि भरलेले आकडे सगळे उडाले. पवन कपाळाला हात लावून बसला. तेव्हा रुखसारच धावत घरी गेली, यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरीवर वीज देणारा डबा, उचलून घेऊन आली आणि तिनं कॉम्प्युटर त्याला जोडला. शेजारी एक छोटा पॉवर सप्लाय होता. तोही मेंदूचाच भाग असणार असं धरून तिनं त्याचीही वायर यूपीएसला जोडली. पुन्हा मेन बंद करून बघितलं, तर स्क्रीन चालूच. पवन हत्यारं पिशवीत भरत होता. लांबूनच म्हणाला, भारी डोकं आहे नसीरभाई तुमच्या पोरीचं. अब्बांनी पेढे वाटले. रुखसारनं मशीनचा व्हिडिओ वर्गातल्या प्रत्येकीला दाखवला, काहींना दोनदा.

आणि तीन आठवड्यांत त्याच मशीननं तिच्यावर कामाला असलेल्या मंगलची चार बोटं घेतली.

मंगल पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती. लाईट गेली, शेडमध्ये अंधार झाला, म्हणून बसवलेला जॉब, म्हणजे कोरायचा लोखंडी तुकडा, काढून घ्यायला हात घातला आणि कोरणारं वरचं जड हेड खाली आलं. कुणाला पटेना. वीज नसताना मशीन हलेल कशी? बाई घाबरली, चालू मशीनमध्ये हात गेला आणि आता काहीतरी सांगतेय, असं अब्बा म्हणाले, पवन म्हणाला, जबाब लिहून घ्यायला आलेला हवालदारही म्हणाला. वर्गात मात्र दोन तट पडले. अर्ध्यांच्या मते बाई खोटारडी, अर्ध्यांच्या मते मशीन झपाटलेली.

मंगलनं प्रश्न ऐकला आणि ती हसली. त्या हसण्यानं रुखसारचं कानशील तापलं.

"न्हाई हलत गं. मीच घातला असंल हात."

रुखसार गोंधळली. म्हणाली, "पण तुम्ही तर सांगत होता, लाईट गेली आणि मग..."

"सांगत व्हते. आता न्हाई सांगत. लोक हसत्यात." मंगलनं डाव्या हातानं फडकं सावरलं. "तुजी आई रोज यायची दवाखान्यात. लय केलं तिनं, खोटं कशाला बोलू. तीच म्हनली, मंगल, तू दमलीवतीस, तुला कळलं न्हाई. रोज ऐकून ऐकून मलाबी तसंच आठवाया लागलं. नुसता तुजा त्यो डबा तेवढा आठवतो. समदीकडं अंधार आन् त्यो एकटा टी टी वरडतोय. आता त्येबी खरं का खोटं, द्येव जाणे."

पुतळाबाईनं चहा आणून दिला. मग मंगल जरा पुढं सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "एक काम कर माजं. माज्या जागी आमच्या धाकट्या जावंला घ्या म्हनावं तुज्या बापाला. ती हुशार हाय. माज्यावानी येंधळी न्हाई."

रुखसारनं मान हलवली. चहाचा कप खाली ठेवून ती उठली.

परतताना जीपमध्ये ती कडेला अंग चोरून बसली होती. गाडी गचके खात होती, आणि तो टी टी आवाज तिच्या डोक्यातून जाईना. यूपीएस ओरडत होता म्हणजे लाईट खरंच गेली होती, मंगलमावशी खोटं बोलत नव्हती. आणि यूपीएसवर कॉम्प्युटर चालू होता. कॉम्प्युटर, आणि दुसरं काय? तिनं डोळे मिटून एकेक वायर बोटानं धरावी तशी मनात धरली आणि ती कुठं जाते ते बघत गेली. छोट्या पॉवर सप्लायची वायर कॅबिनेटमधून वर चढली, खांबाच्या मागून गेली आणि हेड वर-खाली करणाऱ्या उभ्या मोटारीच्या डोक्यावरच्या गोल डबीत शिरली. ती डबी ब्रेकची होती. रुखसारनं डोळे उघडले. कान्हे स्टेशन आलं होतं आणि जीपवाला पैसे मागत होता.

इथल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळं रविवार असूनही शेड चालू होती. ती पोचली तेव्हा कामगार निघून गेले होते आणि अब्बा चिंध्यांनी हात पुसत होते. तिनं त्यांना मशीन चालू करायला सांगितली. कशाला, असं त्यांनी विचारलं, पण तिचा चेहरा बघून बटण दाबलं. रुखसारनं हेड वर नेलं. खाली टेबलावर ग्रीसचा अर्धा भरलेला पत्र्याचा डबा ठेवला. आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

दिवे गेले. मोटारींची घरघर थांबली. यूपीएस टी टी करू लागला. स्क्रीनवर हिरवी अक्षरं तशीच शांत उभी, सगळं ठीक असल्यासारखी. आणि हेड खाली येऊ लागलं. जड माणूस खाटेवर बसतो तसं ते आलं, आणि डब्यावर बसलं. पत्रा मधोमध दबला, झाकण उडालं, पिवळं ग्रीस सगळीकडून बाहेर आलं.

अब्बा बघत राहिले. त्यांना समजावून सांगायची गरजच नव्हती. ते हेड दोन माणसांना उचलत नाही. एरवी मोटारच त्याला वर धरून ठेवते. लाईट गेली की मोटार सोडून देते, आणि त्याच क्षणी ब्रेकनं पकडायचं असतं. हा ब्रेक स्प्रिंगचा. वीज मिळतेय तोवर उघडा, वीज तुटली की घट्ट. पण त्याची वीज तुटलीच नव्हती. ती यूपीएसवरून येत होती. पवनसमोरच्या चाचणीत हेड आधीच खाली टेकलेलं होतं, म्हणून तेव्हा कुणाला कळलं नाही.

"वायर मी जोडली," रुखसार म्हणाली.

अब्बांनी टॉर्च तिच्या हातात दिला, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कॅबिनेट उघडून ती वायर यूपीएसवरून काढून मेनवर टाकली. काम किती, चहा निवायच्या आत झालं. मग त्यांनी पुन्हा हेड वर नेऊन मेन बंद केला. खट् असा आवाज झाला. हेड जागच्या जागी. अब्बांनी चेपलेला डबा उचलून भंगाराच्या पिंपात टाकला आणि टेबल स्वच्छ पुसून काढलं.

"झालं," ते म्हणाले. "आता कुणाचा हात जाणार नाही. हे इथंच राहू दे, बेटा."

घरी अम्मी, ताजुन्निसा, भाकऱ्या थापत होती. अब्बांनी तिला थोडक्यात सांगितलं. तिचे हात पिठात थांबले, मग पुन्हा चालू झाले. ती बराच वेळ बोलत राहिली. जबाब झालाय, त्यावर मंगलचा अंगठा उठलाय. आता मागं फिरलं तर शेडला कुलूप लागेल, आणि शेडवर आणखी चार घरं जेवतात. पेपरात या पोरीचं नाव येईल. हात काही परत उगवणार नाही. मंगलच्या जावेला घेऊ कामावर, उद्यापासूनच घेऊ, सणासुदीला कपडे देऊ. अब्बा मध्ये मध्ये मान हलवत होते. ते वाईट माणूस नव्हते. दवाखान्यात त्यांनी स्वतःचं रक्त दिलं होतं. त्यांना फक्त आपली पोरगी वाचवायची होती, आणि ते रुखसारला दिसत होतं. म्हणून तिला जास्तच रडू येत होतं.

ती रडली नाही. ताटातली भाकरी तशीच होती.

"अम्मी, तू तिला सांगितलंस की ती दमली होती," ती म्हणाली. "तिला आता तसंच आठवतं. जे तिनं डोळ्यांनी बघितलं ते तिला आठवत नाही."

"मी तिला धीर देत होते," अम्मी हळूच म्हणाली. "मला काय माहीत होतं?"

"कुणालाच माहीत नव्हतं. आता आहे."

अब्बांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. पोलिसांपुढं काय होतं याची तिला कल्पना नाही, असं ते म्हणाले. पवन हात वर करेल. शेड बंद पडली तर तिचं पुढचं शिक्षण कुठून होणार?

"नाही झालं तर नाही झालं," रुखसार म्हणाली. तिनं ताट बाजूला सारलं. "मी उद्या सकाळी वाडीवर परत जाणार आहे. मंगलमावशीला सांगणार, तुम्ही खरंच बोलत होता. लाईट गेल्यावरच हेड आलं, आणि ते आलं कारण वायर मी जोडली. तिनं म्हटलं पोलिसांत चल, तर पोलिसांत जाईन. लेबर ऑफिसात म्हटलं तर तिथं. ती नेईल तिथं मी हेच सांगणार, अब्बा. तुम्ही येणार असाल तर पहिल्या लोकलनं निघू. नाहीतर मी एकटी जाते."