वजन तर ठीक आहे

ती कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली म्हणून दुपारी आमच्या वॉर्डात आली. वय एकोणीस. सोबत आई आणि मावशी. आल्या आल्या मावशी मला म्हणाली, "सिस्टर, आमच्या ढब्बूला बघा हो! आत्ता कुठे जरा बारीक व्हायला लागली होती, तर हे."

मी नाडी धरली. मिनिटाला एक्केचाळीस. भर दुपारी हात गार, दंडांवर बारीक लव, उशीवर केसांचा पुंजका.

तरुण डॉक्टर आले, काट्याकडे नजर टाकली आणि म्हणाले, "वजन तर ठीक आहे. उलट थोडं जास्तच. अशक्तपणा असेल. एक सलाइन लावा आणि संध्याकाळी सोडा."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बावीस वर्षं मी हे काम करतेय. पण रुग्णासमोर तोंड उघडायचं नाही, हेही तेवढ्याच वर्षांत शिकलेय. दोघींना केसपेपर काढायला पिटाळलं आणि तिच्याजवळ बसले.

"शेवटचं पोटभर कधी जेवलीस?"

चादरीचा दोरा ओढत ती म्हणाली, "आठ महिन्यांत तेवीस किलो उतरवले. घरी सगळ्यांनी कौतुक केलं. मावशी तर फोटो दाखवत फिरते. आता थांबताच येत नाही, सिस्टर. जेवले की दिवसभर डोक्यात शिव्या ऐकू येतात. माझ्याच आवाजात."

"तुला ढब्बू म्हटलेलं आवडतं?"

तिने नकारार्थी मान हलवली. "धाकटा भाऊ ताई म्हणतो."

"मग मीही ताईच म्हणेन."

झोपवून नाडी एक्केचाळीस, उभं केलं तर शंभरच्या वर. मी ते कागदावर उतरवलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

"आठ महिन्यांत तेवीस किलो, डॉक्टर. सापळा दिसत नाही म्हणून हिला घरी पाठवायचं का? हाडं दिसायला लागली की मग दाखल करू?"

त्यांचा चेहरा उतरला. पण माणूस चांगला. लगेच हृदयाचा आलेख काढायला लावला, रक्त तपासायला पाठवलं. रक्तातले क्षार पार तळाला गेले होते. त्या संध्याकाळी ती घरी गेली असती तर काय झालं असतं, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

आई म्हणाली, "मग भरपूर खाऊ घाला ना! मी भरवते." मी तिला समजावलं की उपाशी शरीराला एकदम ढीगभर अन्न दिलं तर हृदयच बंद पडू शकतं. थोडं थोडं, मोजून, रोज रक्त तपासून. आणि ओरडून तर मुळीच नाही.

रोज जेवणाला मी समोर बसायचे. केळ्याचे ती सोळा तुकडे करायची. मी तुकड्यांकडे न बघता माझ्या सुनेच्या मांजरीच्या उचापती सांगायचे. ताट संपल्यावरही तासभर उठायचे नाही, कारण डोक्यातल्या त्या शिव्यांशी खरी लढाई तेव्हाच सुरू व्हायची. एकदा तिने सूपचा वाडगा भिंतीवर फेकला. मी पुसलं आणि दुसरं सूप आणलं. तेव्हा ती हुंदके देऊन रडली आणि अर्धं प्यायली.

तिसऱ्या आठवड्यात मावशी नवीन ड्रेस घेऊन आली. "एक नंबर लहान आणलाय! आता वजन वाढवू नकोस गं."

मी मावशीला दंडाला धरून बाहेर आणलं. "तुमची भाची मरता मरता वाचलीय. पुन्हा वजनाचा शब्द काढलात तर भेटायला सोडणार नाही."

"अहो, मी कौतुकच करत होते."

"तेच तर थांबवा!"

त्या ओरडण्याबद्दल मेट्रननी मला चांगलंच झापलं. झापू देत.

सहाव्या आठवड्यात तिला मानसोपचाराच्या वॉर्डात हलवायचं ठरलं. ती बरी झाली नव्हती, पण बारा दिवस एकही जेवण चुकलं नव्हतं. कारकुनाने कागद तयार केला. आजाराच्या रकान्यात "अशक्तपणा". मी तो घेऊन तशीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ते खोडलं, "खाण्याचा विकार" असं स्पष्ट अक्षरांत लिहिलं, खाली सही केली.

ताईने कागद हातात घेऊन दोनदा वाचला.

"म्हणजे मी नखरे करत नव्हते?"

"नाही गं, राणी," मी म्हणाले, आणि तिची पिशवी उचलली.